आयफोन ॲपच्या टेबल व्ह्यूत मराठी फॉन्ट नीट बसवायचा कसा

‘मूर्तींचे’ हा शब्द आधी तुमच्या ॲपच्या लिस्टमधल्या एखाद्या ओळीत टाकून बघा. ‘र्तीं’ मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघंही डोक्यावर बसलेत आणि शेजारच्या ‘मू’ ला खाली दीर्घ उकार आहे, म्हणजे वर पण जागा लागते आणि खाली पण लागते. आता सिम्युलेटर (मॅकवर चालणारा नकली आयफोन) झूम करून अनुस्वाराचा टिंब पूर्ण गोल दिसतोय का ते बघा. अर्धा कापलेला दिसला तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे, आणि पूर्ण दिसला तरी सेटिंग्जमधून अक्षरं मोठी करून परत एकदा बघा.

मला हे कळलं ते आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचं ॲप करताना. साधं ॲप, पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट नंबर, आणि पुस्तक आत आहे की कुणी घरी नेलंय एवढंच दाखवायचं. ओळीची उंची मी ६० पॉइंट (आयफोनच्या स्क्रीनवरचं मोजमाप) ठेवून दिली होती, इंग्रजी नावं टाकून टेस्ट केलं होतं, सगळं छान दिसत होतं. मग खरी यादी लोड केली आणि ग्रंथपाल काकूंच्या हातात फोन दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, “अरे, अनुस्वार खाल्लास की. आणि हे वाङ्मय असं तुटक का दिसतंय?” आयुष्यभर नोंदवहीत हाताने नावं लिहिलेली बाई ती, तिला एका नजरेत दिसलं. तेव्हापासून माझा क्रम बदलला, आधी फॉन्ट, मग सेल (यादीतल्या एका ओळीचा साचा), आणि उंची मी ठरवतच नाही, ती मजकुराला ठरवू देतो.

इथे सगळं यूआयकिट (ॲपलचं स्क्रीन बनवायचं साधन, त्यातली लिस्ट म्हणजेच टेबल व्ह्यू) आणि स्विफ्ट ही भाषा धरून सांगतोय. स्विफ्टयूआय, म्हणजे त्याच कामाचं नवं साधन, वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

फॉन्ट आधी, आणि तो मराठी मजकुरावर तपासून

काहीच केलं नाही तर आयफोनवर मराठी कोहिनूर देवनागरी या फॉन्टात दिसतं. आयओएस ९ पासून हाच आहे, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. वाचायला स्वच्छ आहे आणि बऱ्याच ॲपला तोच पुरतो, उगाच बदलू नका. पण ॲपला स्वतःचा चेहरा हवा असेल तर फुकट आणि मोकळ्या परवान्याचे चांगले पर्याय आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा मुक्ता आहे, त्यात एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत सात वजनं मिळतात. त्यांचाच बलू आहे, गुबगुबीत, मथळ्याला मस्त पण यादीच्या बारीक मजकुराला मी वापरणार नाही. पुस्तकी वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा, फक्त त्यात रेग्युलर आणि इटॅलिक एवढंच आहे, बोल्ड नाही, त्यामुळे ठळक-बारीक असा फरक दाखवायचा असेल तर रंग किंवा साइजने दाखवावा लागतो.

टिरोचं नाव मुद्दाम घेतलं, कारण त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. आपला ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त, नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही तेच सांगितलंय, पण पुष्कळ देवनागरी फॉन्ट डिफॉल्टला हिंदी वळण दाखवतात. शाळेसाठी, लहान मुलांसाठी किंवा सरकारी कामासाठी ॲप असेल तर ही गोष्ट अजिबात सोडू नका. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे ज्याची मूळ अक्षरंच मराठी वळणाची आहेत असा फॉन्ट घ्यायचा.

फॉन्ट डाउनलोड केला की मॅकवर फॉन्ट बुकमध्ये उघडा आणि हे शब्द टाइप करून बघा: मूर्तींचे, वाङ्मय, दऱ्याखोऱ्या, तऱ्हा, उद्ध्वस्त, पुठ्ठ्याचे, शत्रूंना, श्रृंखला नव्हे शृंखला, ॲप, ऑफिस. यात दऱ्याखोऱ्यामधला अर्धा र आडवा आला पाहिजे, रफार होऊन य वर चढला तर त्या फॉन्टाला मराठी येत नाही असं समजा. ‘ॲ’ च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट जुना आहे, कारण ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलंय. वाङ्मयमधला ङ काही फॉन्ट हलंत लावून सुटा दाखवतात, ती चूक नाही पण जोडाक्षर असलेला फॉन्ट मिळत असेल तर तोच घ्या, काकूंसाठी मी तेच केलं.

डेटा कुठून येतोय तेही इथेच बघून घ्या. जुन्या याद्या बऱ्याचदा नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप केलेल्या असतात, त्या फोनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी म्हणून दिसतात. तो फॉन्ट ॲपमध्ये घालून वेळ मारून नेऊ नका, सर्च चालणार नाही, व्हॉइसओव्हर (स्क्रीन मोठ्याने वाचून दाखवणारी आयफोनची सोय) वाचणार नाही. आधी सगळं युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा आणि कन्व्हर्ट झाल्यावर माणसाकडून एकदा वाचून घ्या, अर्धा र आणि रफार तिथेच सगळ्यात जास्त बिघडतात.

प्रोजेक्टमध्ये फॉन्ट घालणं

फॉन्टची टीटीएफ फाइल एक्सकोडमध्ये (ॲप लिहायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) ड्रॅग करून टाका, कॉपी करायची टिक द्या आणि टार्गेटची टिक विसरू नका. मग इन्फो पीलिस्टमध्ये (ॲपच्या सेटिंग्जची फाइल) ‘फॉन्ट्स प्रोव्हाइडेड बाय ॲप्लिकेशन’ ही की घालून त्याखाली फाइलचं पूर्ण नाव लिहा, एक्स्टेन्शनसकट. सातही वजनं भरू नका, रेग्युलर आणि सेमीबोल्ड दोनच घ्या, यादीला तेवढीच लागतात आणि ॲपचा साइज उगाच फुगत नाही. परवान्याची टेक्स्ट फाइल पण सोबत ठेवा, ओपन फॉन्ट लायसन्सची ती अटच आहे.

कोडमध्ये फॉन्ट मागताना फाइलचं नाव चालत नाही, पोस्टस्क्रिप्ट नाव, म्हणजे फॉन्टच्या आत नोंदलेलं नाव, लागतं. मुक्तात ही दोन्ही सारखीच आहेत म्हणून अडत नाही, पण दुसऱ्या फॉन्टात वेगळी असू शकतात. म्हणून ॲप सुरू होताना एकदा यूआयफॉन्टच्या फॅमिलीनेम्सवर लूप फिरवून प्रत्येक फॅमिलीची फॉन्टनेम्स कन्सोलवर छापा आणि तिथून नाव कॉपी करा, हाताने टाइप करू नका.

आता मराठीत काम करणाऱ्याने नीट लक्षात ठेवायची गोष्ट. फॉन्ट लोड झाला नाही तरी मराठी दिसतंच! नाव चुकलं, टिक राहिली, काहीही झालं तरी सिस्टिम गुपचूप कोहिनूर लावते आणि आपल्याला वाटतं काम झालं. तसंच एखादा फक्त रोमन अक्षरांचा फॉन्ट घेतला तरी इंग्रजी त्यात दिसतं आणि मराठी कोहिनूरमध्ये, आणि लोक म्हणतात या फॉन्टात मराठी छान दिसतं. म्हणून यूआयफॉन्टचा नाव देऊन बनवायचा इनिशियलायझर निल (म्हणजे ‘काहीच नाही’) देतोय का ते तपासा आणि निल आला तर डेव्हलपमेंटमध्ये ॲप सरळ क्रॅश होऊ द्या, फेटल एरर टाका. दोन प्रश्नचिन्हं (स्विफ्टमधलं ‘निल असेल तर हे घे’) टाकून सिस्टिम फॉन्टवर ढकललं तर चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

इंग्रजीसाठी एक फॉन्ट आणि मराठीसाठी दुसरा असं हवं असेल तर फॉन्ट डिस्क्रिप्टरमध्ये (फॉन्टचं वर्णन) कास्केड लिस्ट, म्हणजे पर्यायी फॉन्टांची यादी, असते. मूळ डिस्क्रिप्टर इंग्रजी फॉन्टचा घ्यायचा, त्याच्या कास्केड लिस्टमध्ये मुक्ताचा डिस्क्रिप्टर टाकायचा आणि त्यातून यूआयफॉन्ट बनवायचा. जे अक्षर पहिल्यात नाही ते दुसऱ्यातून येतं. पण इथे एक अडचण होते, लेबल ओळीची उंची मुख्यतः पहिल्या फॉन्टवरून धरतं आणि मराठीच्या मात्रा परत कापल्या जाऊ शकतात. मजकूर बहुतेक मराठीच असेल तर उलटं करा, मुक्ताच मुख्य ठेवा, त्यात रोमन अक्षरं आहेतच आणि ती बरी दिसतात.

ओळीची उंची

सगळी मारामारी इथे आहे म्हणून जरा सावकाश जाऊ. १७ पॉइंटला सिस्टिमच्या इंग्रजी फॉन्टची लाइनहाइट साधारण २० पॉइंट भरते, मुक्ताची त्याच साइजला साधारण २८. तुम्ही स्वतः फॉन्टची लाइनहाइट प्रॉपर्टी प्रिंट करून बघा. म्हणजे पुस्तकाचं नाव दोन ओळींचं झालं तर नुसत्या नावालाच ५६ पॉइंट गेले, लेखकाचं नाव अजून खाली यायचंय, आणि मी बसलो होतो ६० धरून. टेबलची डिफॉल्ट ४४ ची ओळ तर विषयच नाही.

म्हणून टेबल व्ह्यूच्या रोहाइटला ऑटोमॅटिक डायमेन्शन द्या आणि एस्टिमेटेड रोहाइटला खऱ्याच्या जवळचा आकडा द्या, माझ्या यादीला ९६ होता. एस्टिमेट फार चुकीचा असला की स्क्रोलबार उड्या मारतो आणि वर स्क्रोल करताना यादी हिसके देते. डेलिगेटमध्ये (टेबलच्या प्रश्नांना उत्तरं देणारा तुमचा कोड) हाइटफॉररो लिहिलेलं असेल तर ते काढून टाका, नाहीतर तेच जिंकतं आणि तुम्ही तासभर शोधत बसाल.

ऑटोमॅटिक उंचीला एकच अट आहे, सेलच्या कंटेंटव्ह्यूच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत कन्स्ट्रेंटची (एका गोष्टीची जागा दुसरीला बांधणारे नियम) साखळी अखंड पाहिजे. नावाचं लेबल वर बांधा, लेखकाचं त्याच्या खाली, आणि शेवटचं लेबल कंटेंटव्ह्यूच्या तळाला. सोपं जावं म्हणून उभा स्टॅकव्ह्यू घ्या आणि तो चारी बाजूंनी कंटेंटव्ह्यूच्या लेआउट मार्जिन गाइडला बांधून टाका. व्ह्यू थेट सेलवर ॲड करू नका, नेहमी कंटेंटव्ह्यूवर. लेबलांचं नंबरऑफलाइन्स शून्य. ‘साइज टू फिट विड्थ’ वालं सेटिंग बंद ठेवा, त्याने लांब नावाची ओळ बारीक आणि शेजारची मोठी असं विचित्र दिसतं.

एवढं करूनही काही फॉन्टांमध्ये वरच्या मात्रा कापल्या जातात, कारण फॉन्ट बनवणाऱ्याने स्वतःचा असेंडरच (अक्षराला वर दिलेली जागा) कमी ठेवलेला असतो आणि लेबल आपल्या चौकटीबाहेर काही रंगवत नाही. अशा वेळी यूआयलेबलचा छोटा सबक्लास (त्यावर बेतलेला आपला प्रकार) करा. ड्रॉटेक्स्टमध्ये आयताला वरून चार आणि खालून तीन पॉइंट आत घ्या, आणि इन्ट्रिन्सिक कंटेंट साइजमध्ये तेवढेच सात पॉइंट वाढवून द्या. एकापेक्षा जास्त ओळी असतील तर टेक्स्टरेक्टफॉरबाउंड्समध्येही तोच हिशोब करायचा. आकडे तुमच्या फॉन्टप्रमाणे बदलतील, ‘मूर्तींचे’ आणि ‘शत्रूंना’ टाकून ठरवा. डीबग व्ह्यू हायरार्की उघडली की लेबलची चौकट दिसते, टिंब कुठे कापला जातोय ते तिथे स्पष्ट कळतं.

दोन ओळींमध्ये जागा हवी असेल तर पॅराग्राफ स्टाइलमधलं लाइनस्पेसिंग वाढवा. मॅक्सिमम लाइनहाइटला हात लावू नका, ती मात्रांचा गळाच कापते. आयओएस १७ पासून टेक्स्ट स्टाइल वापरली असेल तर उंच लिप्यांसाठी सिस्टिम स्वतः ओळीची उंची वाढवते, पण ते युजरच्या भाषांच्या यादीवरून ठरतं आणि आपल्याकडे बहुतेकांचा फोन इंग्रजीतच असतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबून राहू नका.

अजून एक, अक्षरांमधलं अंतर. डिझायनर लोक मथळ्याला हमखास ट्रॅकिंग देतात, इंग्रजीत ते देखणं दिसतं. मराठीत कर्न (कोडमध्ये हेच अंतर) वाढवला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. अक्षरं हात धरून उभी असतात ती, त्यांना लांब ओढायचं नाही. मराठी मजकुराला कर्न शून्य.

सेल बनवणं

साधी दोन ओळींची यादी असेल तर वेगळा सेल लिहायची गरजच नाही. आयओएस १४ पासून सेलकडून डिफॉल्ट कंटेंट कॉन्फिगरेशन घ्यायचं, टेक्स्टमध्ये नाव, सेकंडरी टेक्स्टमध्ये लेखक, टेक्स्ट प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट आणि रंग, दोघांमधली जागा वाढवायला त्यात वेगळी प्रॉपर्टी आहे, आणि मग ते परत सेलला असाइन करायचं. असाइन करायचं विसरलं की सेल कोरा दिसतो. जुन्या लेखांमधलं टेक्स्टलेबल आणि डिटेलटेक्स्टलेबल आता वापरू नका.

मला कपाट नंबर उजवीकडे हवा होता म्हणून सबक्लास केला. सेल रजिस्टर करताना आयडेंटिफायर ‘पुस्तक’ असा मराठीत दिला तरी चालतो, स्ट्रिंगच आहे ती. सेलमध्ये लेबलं आणि कन्स्ट्रेंट फक्त एकदा, इनिटमध्ये बनवा, सेलफॉररोमध्ये नुसता मजकूर भरा. सेल परत परत वापरला जातो, म्हणून जे एका बाजूने सेट करता ते दुसऱ्या बाजूने पण करा: पुस्तक बाहेर असेल तर करडा रंग, आत असेल तर परत नेहमीचा. ‘नाहीतर’ ची बाजू लिहायची राहिली की स्क्रोल केल्यावर भलतीच पुस्तकं करडी होतात. आणि नुसत्या रंगावर माहिती सोडू नका, ‘आत आहे’ किंवा ‘बाहेर गेलंय’ असं शब्दांत लिहा, रंग न ओळखणारे वाचकही असतात. रंग सिस्टिमचेच घ्या, लेबल आणि सेकंडरीलेबल, म्हणजे डार्क मोडमध्ये वेगळं काही करावं लागत नाही.

कपाट नंबर मराठी अंकांत हवे असतील तर नंबर फॉर्मॅटरला एमआर-आयएन (मराठी, भारत) लोकेल आणि डेसिमल स्टाइल द्या, तो अंकही मराठी देतो आणि स्वल्पविरामही लाख-हजारांप्रमाणे टाकतो, १,२३,४५६ असा. फॉर्मॅटर एकदाच बनवून ठेवा, प्रत्येक सेलला नवा बनवला तर स्क्रोल अडखळतो.

टेबलच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. कडेने गोलसर गट हवे असतील तर इनसेट ग्रुप्ड स्टाइल, आयओएस १३ पासून आहे. दोन ओळींमधली रेघ मजकुराच्या डाव्या कडेला जुळवायला सेपरेटर इनसेट. आयओएस १५ नंतर प्लेन स्टाइलमध्ये सेक्शन हेडरच्या वर अचानक मोकळी जागा दिसते, ती नको असेल तर सेक्शन हेडर टॉप पॅडिंग शून्य करा. हेडरलाही आपलाच फॉन्ट हवा असेल तर हेडरफुटरव्ह्यू रजिस्टर करून त्याची उंचीही ऑटोमॅटिक ठेवा, मात्रा तिथेही कापल्या जातात आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. आयपॅडवर ओळी टोकापासून टोकापर्यंत ताणल्या जातात, त्यासाठी सेलचे मार्जिन रीडेबल विड्थप्रमाणे ठेवायचं सेटिंग टेबलवरच आहे.

अक्षरं मोठी करणारा वाचक

वाचनालयात येणारे निम्म्याहून जास्त लोक आजी-आजोबा. त्यांच्या फोनवर अक्षरं मोठी केलेली असतात आणि आपलं ॲप ते सेटिंग पाळत नसेल तर आपण त्यांना दारातच अडवलं असं मी मानतो. कस्टम फॉन्ट आपोआप मोठा होत नाही. यूआयफॉन्टमेट्रिक्स (वाचकाच्या सेटिंगप्रमाणे फॉन्ट लहान-मोठा करणारा) बॉडी स्टाइलसाठी बनवा, त्याच्या स्केल्डफॉन्टला १७ पॉइंटचा मुक्ता द्या, आणि जो फॉन्ट मिळेल तो लेबलला लावून ‘ॲडजस्ट्स फॉन्ट फॉर कंटेंट साइज कॅटेगरी’ चालू करा. नावाला हेडलाइन, लेखकाला सबहेडलाइन असं स्टाइलप्रमाणे वेगळं मेट्रिक्स घ्या. स्केल्डफॉन्टला नेहमी मूळ साइजचा फॉन्टच द्यायचा, आधीच स्केल केलेला परत दिलात तर चालत नाही.

बॉडीची नेहमीची १७ पॉइंटची अक्षरं सगळ्यात मोठ्या सेटिंगला ५३ पर्यंत जातात. तेव्हा उजवीकडचा कपाट नंबर नावाला चिरडून टाकतो, नावाचं एकेक अक्षर एकेका ओळीवर येतं. त्यासाठी सेलमध्ये कंटेंट साइज कॅटेगरी ॲक्सेसिबिलिटीची आहे का ते बघायचं आणि तसं असेल तर आडवा स्टॅकव्ह्यू उभा करायचा, नंबर नावाच्या खाली जातो. टेस्ट करायला फोनच्या सेटिंग्जमध्ये जायला नको, एक्सकोडच्या डीबग बारमध्ये एन्व्हायर्नमेंट ओव्हरराइड्स आहे, तिथे स्लायडर ओढत राहायचं आणि यादीकडे बघत राहायचं.

स्विफ्टयूआयमध्ये हेच काम लिस्टवर कमी कष्टात होतं. फॉन्ट मॉडिफायरमध्ये कस्टम, नाव, साइज १७ आणि ‘रिलेटिव्ह टू’ ला बॉडी असं दिलं की स्केलिंग आपोआप. ओळीचे इनसेट आणि सेपरेटर यांना वेगळे मॉडिफायर आहेत. फ्रेमला ठरावीक उंची मात्र तिथेही देऊ नका.

यादीत शोधताना

हे फॉन्टचं नाही, पण फॉन्ट चांगला असला की हे लपून राहतं म्हणून सांगतो. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक अखंड ॲ आणि दुसरा अ, मध्ये न दिसणारा जोडक आणि त्यावर चंद्र. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे, पण कॉम्प्युटरला वेगवेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. दऱ्यामधला अर्धा र पण तसाच दोन प्रकारे येतो. आमच्या यादीत तीन जणांनी तीन कीबोर्डवरून नोंदी केल्या होत्या, पुस्तक डोळ्यांसमोर दिसायचं आणि सर्च म्हणायचा सापडलं नाही. म्हणून डेटा आत घेताना एक छोटं फंक्शन लिहून दोन्ही रूपं एकाच रूपात आणा आणि सर्च बॉक्समध्ये टाइप झालेला मजकूरही त्याच फंक्शनमधून काढा. सापडलेला भाग ठळक करून दाखवायचा असेल तर रेंज हाताने मोजू नका, स्विफ्टच्या रेंजवरून एनएसरेंज बनवणारा इनिशियलायझर वापरा, नाहीतर जोडाक्षर अर्ध्यात तुटून निम्मं ठळक दिसतं.

हे सगळं झालं की यादीतली सगळ्यात लांब पन्नास नावं काढा, सगळ्यात मोठी अक्षरं लावा आणि खऱ्या फोनवर सावकाश स्क्रोल करत प्रत्येक ओळीचा वरचा टिंब आणि खालचा उकार बघत जा. मला त्याला वीस मिनिटं लागली, आणि हेडरमधला एक कापलेला रफार तिथेच सापडला.